हितो काहोन: माणसाचा शिक्का वेगळा, गाडीचा वेगळा

बोलिव्हियाच्या नैऋत्य टोकाला लिकांकाबुर नावाचा ५,९१६ मीटर उंचीचा ज्वालामुखी आहे. त्याच्या पायथ्याशी, साधारण ४,४८० मीटरवर, एक फाटक आणि वाऱ्याच्या तोंडावर बसलेल्या मोजक्या इमारती. ही हितो काहोनची चौकी, मोटरसायकलने बोलिव्हियातून चिलीत उतरणाऱ्यांच्या वाटेवरची. पलीकडे चिली, आणि उतारावरचं पहिलं गाव सान पेद्रो दे आताकामा, पंचेचाळीसेक किलोमीटरवर. अलीकडच्या बाजूला मात्र उयुनी या गावापर्यंत साडेतीनशे ते चारशे किलोमीटर वाळू, दगड आणि खारट तळी. पेट्रोल पंप, बँक, मोबाइलची रेंज यांपैकी भरवशाचं काही नाही. लडाख केलेल्या मंडळींना उंची नवी वाटणार नाही. पण लडाखमध्ये दर चाळीस-पन्नास किलोमीटरवर लष्कराची छावणी किंवा मॅगीचा तंबू सापडतो. इथे जीपवाले भेटतात, तेही ठरावीक वेळेलाच.

आधी कागद, कारण रस्त्यापेक्षा माणसं कागदाला जास्त अडकतात. दक्षिण अमेरिकेतल्या सीमांवर माणूस आणि मोटरसायकल हे दोन स्वतंत्र प्रवासी असतात. माणसाची नोंद ‘मिग्रासिओन’ म्हणजे इमिग्रेशन करतं, गाडीची ‘आदुआना’ म्हणजे कस्टम्स. दोघांचे काउंटर वेगळे, संगणक वेगळे आणि मुदतीही वेगळ्या. पासपोर्टवर बाहेर पडल्याचा शिक्का बसला म्हणून गाडी बाहेर पडली असं होत नाही. गाडीचा कागद बंद झाला नसेल, तर बोलिव्हियाच्या नोंदीत ती अजून देशातच आहे. मुदत संपली की ती चोरटी आयात ठरते. पुढे कधी त्या गाडीने परत आलात, तर ती जप्त होऊ शकते.

आदुआना याबाबतीत इतकी काटेकोर का, याला कारण आहे. याच पठारावरच्या आडवाटांनी चिलीतून जुन्या गाड्या बिनकागदी बोलिव्हियात येतात. तिथे त्यांना ‘चुतो’ म्हणतात, आणि अशा गाड्यांचा प्रचंड बाजार आहे. त्यामुळे या भागात चासी नंबर हा नुसता सोपस्कार राहत नाही. अधिकारी खाली वाकून, हँडलच्या मानेवरची धूळ बोटाने पुसून तो वाचतो. मानेवर केबल आणि वायरिंगची जुडी आलेली असेल, तर ती आधीच बाजूला बांधून ठेवा आणि नंबरावरचं ग्रीस रॉकेलने पुसून काढा. दोन मिनिटांचं काम, पण नंबर दिसत नाही म्हणून थंडीत टाकी उघडायची वेळ येत नाही.

बोलिव्हियात शिरताना गाडीसाठी जो कागद मिळतो त्याचं बोलीतलं नाव ‘सिवेतुर’. हा पर्यटकाच्या गाडीच्या तात्पुरत्या प्रवेशाचा फॉर्म, क्रमांक २४९. आदुआनाच्या संकेतस्थळावर तो आधी भरून ठेवता येतो, चौकीवर फक्त पडताळणी आणि शिक्का. पैसे लागत नाहीत. मुदत जास्तीत जास्त ९० दिवस, पण व्यवहारात ती पासपोर्टवरच्या मुक्कामाइतकीच मिळते. पासपोर्टवर ३० दिवस असतील, तर गाडीलाही ३०. इथे एक सापळा आहे: माणसाने आपली मुदत शहरात जाऊन वाढवून घेतली, तरी गाडीची आपोआप वाढत नाही. तिच्यासाठी आदुआनात वेगळं जावं लागतं, आणि जुनी मुदत संपायच्या आत.

फॉर्म हातात पडला की काउंटर न सोडता वाचायचा. मराठी माणसाच्या बाबतीत चूक कुठे होणार हे आधीच सांगता येतं: नावात. आपल्या आरसीवर ‘नाव, वडिलांचं नाव, आडनाव’ असे तीन शब्द असतात. स्पॅनिश पद्धतीत नावानंतर दोन आडनावं येतात, आधी वडिलांकडचं, मग आईकडचं. त्यामुळे तीन शब्द दिसले की अधिकारी मधला शब्द वडिलांचं आडनाव म्हणून टाइप करतो आणि आपलं खरं आडनाव आईकडचं होऊन बसतं. एका चौकीवर तुम्ही ‘कुलकर्णी’ म्हणून आत आलात आणि दुसऱ्या चौकीवर तुमचा शोध ‘दत्तात्रय’ या आडनावाखाली चाललाय, असं होतं. उपाय सोपा. पासपोर्टावरच्या आडनावाच्या ओळीवर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, “आपेयिदो, सोलो एस्ते.” आडनाव, एवढंच.

दुसरी चूक नंबर प्लेटची. आपण ‘एमएच १२’ नंतर जागा सोडतो, कोणी मध्ये आडवी रेघ मारतो. संगणकात हे तिन्ही प्रकार वेगळे धरले जातात. पहिल्या चौकीपासून एकच पद्धत धरा, जागा न सोडता सलग, आणि विमा काढतानाही तीच. तिसरी चूक इंग्रजी ‘ओ’ आणि शून्य, ‘आय’ आणि एक यांच्या घोळाची. १७ अक्षरी चासी नंबरात ओ, आय आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत. म्हणजे गोल दिसेल ते शून्यच. इंजिन नंबराला हा नियम लागू नाही, तो आरसीवरून एकेक अक्षर ताडून घ्यायचा. चूक सापडलीच, तर हाताने खाडाखोड करून सही घेऊ नका, फॉर्म पुन्हा छापून घ्या. पुढचा अधिकारी कागद बघत नाही, संगणक बघतो.

गाडी तुमच्या नावावर असेल तर बरं. मित्राची, भावाची किंवा कंपनीची असेल, तर मालकाचं नोटरी केलेलं संमतिपत्र स्पॅनिशमध्ये लागतं, आणि ते घरून निघतानाच बरोबर हवं. भारतातून गाडी जहाजाने नेणाऱ्यांना कार्ने, म्हणजे गाडीचं आंतरराष्ट्रीय कस्टम्स पुस्तक, काढावं लागतं. ते मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडून मिळतं. या सीमांवर कार्ने कोणी मागत नाही, कारण प्रत्येक देश आपला तात्पुरता प्रवेशाचा कागद देतोच. त्याचा खरा उपयोग गाडी परत भारतात येताना ड्युटी लागू नये यासाठी. म्हणून चौकीवर कार्नेचं बाड काढून समोर ठेवू नका. पासपोर्ट, आरसी, आंतरराष्ट्रीय परवाना, बस्स. अधिकाऱ्यासमोर जितके जास्त कागद, तितके जास्त प्रश्न.

कागदांइतकीच महत्त्वाची वस्तू म्हणजे प्रत्यक्ष नंबर प्लेट. आपली उच्च सुरक्षा प्लेट ॲल्युमिनियमची असते आणि एकदाच बसणाऱ्या स्नॅप-लॉक रिव्हेटांवर लटकते. उयुनीच्या दक्षिणेचा रस्ता दोन दिवसांत ती हलवून हलवून भोकांपाशी चिरतो. सीमेवर मागची प्लेट नसलेली गाडी घेऊन जाणं म्हणजे आपण होऊन चुतोच्या रांगेत उभं राहणं. प्लेटच्या मागे त्याच मापाचा दोन मिलिमीटरचा पत्रा लावून, चार कोपऱ्यांना रबरी वॉशर घालून नट-बोल्टने आवळून घ्या. दोन नायलॉन टाय आडवे मारा. दोन्ही प्लेटांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

आता उयुनी. गाव ३,६५० मीटरवर आहे, म्हणजे लेहपेक्षा थोडं उंच. इथे निदान दोन रात्री काढल्याशिवाय दक्षिणेला निघू नये, कारण पुढचा मुक्काम ४,३०० मीटरच्या आसपास पडतो आणि वाट पाच हजारांच्या जवळ जाते. लडाखला जाताना डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी घेतलेल्यांना तो सराव असतो. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये. सालारवर, म्हणजे मिठाच्या सपाट मैदानावर, गाडी फिरवली असेल, तर उयुनीतल्या ‘लावादेरो’त ती खालून धुऊन घ्या. दाबाचं पाणी कनेक्टरांवर मारू देऊ नका, कारण मिठाचं पाणी आत शिरलं की दोन आठवड्यांनी इंडिकेटर आपोआप लागायला लागतात.

उयुनीत विचारायचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न एकच: गाडीचा कागद कुठे जमा करायचा? कारण अनेक वर्षं बोलिव्हियाची गाड्यांची आदुआना हितो काहोनला नव्हतीच. ती होती अपाचेताला, बोरॅक्सच्या कारखान्याजवळ, ५,००० मीटरच्याही वर, सीमेच्या सत्तर-ऐंशी किलोमीटर आधी आणि मुख्य वाटेपासून बाजूला. सल्फर आणि बोरॅक्सचे ट्रक तिथून जायचे म्हणून कचेरी तिथे. ज्यांना हे माहीत नव्हतं ते सरळ सीमेवर पोचायचे आणि पासपोर्टवर शिक्का घेतल्यावर त्यांना कळायचं की गाडी अजून आतच आहे. मग तेवढं अंतर परत, वाऱ्याच्या विरुद्ध. इंटरनेटवर जुन्या-नव्या नोंदी एकत्र पडलेल्या आहेत. त्यांतली कुठली आज लागू आहे, हे निघायच्या आदल्या दिवशी विचारायचं. विचारायचं वाक्य: “दोन्दे एन्त्रेगो एल फोर्मुलारियो दे ला मोतो?” मोटरसायकलचा फॉर्म कुठे द्यायचा? हे जीपच्या ड्रायव्हरला विचारू नका. त्याची गाडी बोलिव्हियाचीच असते आणि सीमेवरून मागे फिरते, त्याला हा कागद कधी लागतच नाही.

पेट्रोलचा हिशोब. उयुनी ते चौकी ४०० किलोमीटर धरा. चुकलेल्या वाटा, तळ्यांच्या कडेने मारलेले फेरे आणि पुढचा सान पेद्रोचा उतार मिळून आणखी शंभर. ४०० सीसीची जी गाडी डांबरावर तीस देते, ती इथे वाळूत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये वीस-बावीस देते. म्हणजे २५ लिटर. पंधरा लिटरची टाकी आणि दोन पाच-पाच लिटरचे कॅन. सान क्रिस्तोबालला पंप आहे, उयुनीपासून नव्वदेक किलोमीटरवर. चांदी-जस्ताच्या खाणीसाठी हे सगळं गाव उचलून दुसरीकडे बसवलं, जुनं चर्च दगड-दगड करून हलवलं. तिथे टाकी पुन्हा काठोकाठ भरायची. व्हिया मार या गावात पिंपातून मापाने पेट्रोल विकणारे भेटतात, पण ते नशिबावर. तिथून घ्यावंच लागलं, तर फडक्यातून गाळून घ्या.

परदेशी प्लेटला बोलिव्हियात २०२५ पर्यंत सवलतीच्या दराने पेट्रोल मिळत नसे. कित्येक वर्षं स्थानिकाला लिटर ३.७४ बोलिव्हियानो आणि परक्याला ८.६८ अशी तफावत होती. त्यापेक्षा त्रासदायक गोष्ट होती परदेशी प्लेटचं बिल करायची वेगळी पद्धत. ती येत नसेल तर पंपवाला नुसती मान हलवायचा. डॉलरच्या टंचाईच्या काळात, २०२४-२५ मध्ये, रांगाच दिवसभराच्या असत. म्हणून उयुनीत पोचल्या संध्याकाळीच टाकी भरायची, निघायच्या सकाळी नाही. तिथलं साधं पेट्रोल ८५ ऑक्टेनचं. घाबरायचं कारण नाही, कारण एवढ्या उंचीवर सिलिंडरमधला दाब मुळातच कमी असतो आणि इंजिन ठोकत नाही. मात्र तेच पेट्रोल टाकीत घेऊन समुद्रसपाटीला उतरू नये. कॅन पूर्ण भरू नका, चार बोटं जागा सोडा. ते उन्हात आणि उंचीवर फुगतात, आणि फुगलेल्या कॅनचं झाकण सकाळी हळूच उघडायचं.

हवा. साडेचार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ५७ टक्के. चोवीस अश्वशक्तीची गाडी तिथे चौदाची होते. इंजेक्शनवाल्या गाडीचा संगणक पेट्रोल कमी करून घेतो, तुम्हाला फक्त ताकद कमी वाटते. कार्ब्युरेटरवाली मात्र गुदमरते: काळा धूर, काळा प्लग, गार असताना सुरू न होणं. मेन जेट दोन-तीन नंबर लहान घाला, सुई एक खाच खाली करा, एअर फिल्टर रोज झटका. चोक न देताही ती सुरू होईल, कारण मिश्रण आधीच दाट असतं. चिलीत उतरल्यावर हे सगळं उलट करायला विसरलात, तर लहान जेटवर इंजिन तापतं. काढलेला जेट पाकिटात जपून ठेवा.

टायरबद्दल एक गोष्ट लोक हमखास चुकतात. गेज हा आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक दाखवतो. बाहेरचा दाब उंचीवर कमी होतो, म्हणून उयुनीत २२ पीएसआय भरलेला टायर वाटेतल्या ४,८५० मीटरच्या टप्प्यावर साडेतेवीसच्या जवळ दाखवेल, आणि सान पेद्रोला उतरल्यावर साडेवीसच्या जवळ. ट्यूब फुटलेली नाही, उंची बदललीय. वाळूसाठी मागे २०-२२, पुढे १८-२०. दगडी पट्ट्यात यापेक्षा कमी ठेवलं, तर रिम बसते आणि ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. दोन ट्यूबा न्यायला जागा नसेल, तर पुढची २१ इंची एकच न्या. अडीअडचणीला ती दुमडून मागेही चालते. गार हवेत सोल्युशन वाळायला वेळ लागतो, पॅच घाईने दाबला की अर्ध्या तासात सुटतो.

रस्ता म्हणून ज्याला म्हणतात त्याचे दोन प्रकार. एक वाळू, दुसरा ‘कालामिना’. कालामिना म्हणजे पन्हळी पत्रा, आणि वाट तशीच दिसते: आडव्या सरींची, शेकडो जीपनी कोरलेली. ताशी तीसने गेलात तर दात हलतात. साठच्या पुढे गाडी सरींच्या माथ्यांवरून तरंगते आणि थरथर कमी होते, पण तेव्हा ब्रेक आणि वळण दोन्ही हातचे गेलेले असतात. आमच्या मते लादलेल्या गाडीने ४०-४५ धरावं आणि सरी कमी असलेली कडेची वाट शोधत राहावं. या पत्र्यावर तुटतं ते ठरलेलं: सामानाच्या रॅकचे बोल्ट, सबफ्रेमचं वेल्डिंग, हेडलाइटचा ब्रॅकेट, सायलेन्सरची पकड. रोज संध्याकाळी पाना घेऊन फेरी मारा. सैल बोल्ट धुळीवरून ओळखू येतो, त्याच्या डोक्याभोवती धूळ झडलेली चकचकीत कडी दिसते. रॅकमध्ये वजन पाठीमागे आणि उंच ठेवू नका. वेल्डिंग तुटतं ते याचमुळे.

वाळूत उभं राहून चालवा, नजर लांब, गॅस सोडायचा नाही. वाटा दहा-बारा समांतर असतात. ताज्या चाकोऱ्या मऊ, जुन्या घट्ट. दुपारी बारानंतर पश्चिमेचा वारा उठतो, आणि तो तुमच्या तोंडावरच असतो. पेट्रोल खातो, धुरळ्याने चाकोरी दिसत नाही. त्यामुळे शेवटच्या दिवशी लागुना कोलोरादा या तळ्याच्या बाजूने पहाटे निघून, ४,८५० मीटरवरच्या सोल दे मान्यानाचे उकळते चिखल सकाळीच ओलांडून, साडेदहा-अकराला चौकीवर असं गणित बसवा. त्या चिखलांच्या जवळ गाडी नेऊ नका, वरची पापडी पातळ असते. जून ते ऑगस्टमध्ये रात्री उणे वीसपर्यंत उतरतात. सकाळी गाडी उन्हाकडे तोंड करून ठेवा, इंजिनावर ताडपत्री, आणि बॅटरी जुनी असेल तर रात्री काढून झोपायच्या पिशवीत. जानेवारी-फेब्रुवारीत उलट, पाऊस आणि चिखल.

वाटेत एदुआर्दो आवारोआ अभयारण्य लागतं. १८७९ साली कालामाला चिलीशी लढताना पडलेल्या माणसाचं नाव त्याला दिलंय. परदेशी माणसाला १५० बोलिव्हियानो, रोख. पावती फेकू नका, बाहेर पडताना बघतात. उयुनीनंतर एटीएम नाही. तिकीट, मुक्काम आणि पेट्रोल धरून रोख रक्कम जवळ ठेवा, पण फार उरू देऊ नका. सान पेद्रोत बोलिव्हियानोला भाव नाही.

चौकीवर. सकाळी आठपासून दहापर्यंत जीपवाल्यांची झुंबड असते, तीन दिवसांच्या सहलीचे प्रवासी ते सीमेवर उतरवतात आणि पलीकडच्या बसमध्ये बसवतात. एका खिडकीला पन्नास माणसं. अकरानंतर तीच खिडकी रिकामी. आधी गाडीचं काम कुठे आहे त्याची खात्री करा, मगच पासपोर्ट पुढे करा. एकदा पासपोर्टवर ‘सालिदा’ म्हणजे बाहेर पडल्याचा शिक्का बसला, की मागे जाऊन गाडीचा कागद बंद करायला तुम्ही कायद्याने देशात नसता. आदुआनात सिवेतुर द्या, अधिकारी प्लेट आणि चासी बघेल, संगणकात नोंद बंद करेल. शिक्का मारलेली प्रत मागून घ्या: “ऊना कोपिया सेयादा, पोर फावोर.” ती फोटो काढून घरी पाठवा. मूळ प्रत वर्षभर सांभाळा. पैसे मागितले तर ‘रेसिबो’ म्हणजे पावती मागायची, आवाज न चढवता.

घड्याळाचा एक घोळ आहे. बोलिव्हियाची वेळ वर्षभर एकच. चिली उन्हाळ्यात, साधारण सप्टेंबर ते एप्रिल, घड्याळ एक तास पुढे करतं. या काळात बोलिव्हियात पाच वाजता शिक्का घेतलात, तर पलीकडे सहा वाजलेले असतात आणि फाटक बंद व्हायला आलेलं असतं. एका देशातून बाहेर, दुसऱ्यात आत नाही, मध्ये साडेचार हजार मीटरवरची रात्र.

मधल्या पट्ट्यात वाट सोडू नका, फोटोसाठीसुद्धा. १९७० च्या दशकात चिलीने या सीमेवर भूसुरुंग पेरले होते. सफाई पूर्ण झाल्याचं त्यांनी २०२० च्या फेब्रुवारीत जाहीर केलं. सुरुंग गेले असले, तरी आडवाटेवर दिसणारी गाडी गस्तीवाल्याला चोरट्या मालाचीच वाटते.

चिलीच्या बाजूला क्रम असा: पेदेई (तपास पोलीस, तेच इमिग्रेशन बघतात), मग आदुआना, मग साग म्हणजे शेती खातं. पेदेईचं काम पाच मिनिटांचं. आदुआनात आरसी आणि पासपोर्ट दिले की गाडीचा तात्पुरत्या आयातीचा कागद मिळतो, फुकट, ९० दिवसांचा. इथेही नाव, प्लेट, चासी वाचायचे, वर सांगितलं तसंच. सागला मात्र हलक्यात घेऊ नका. फळं, बिया, मध, दूध-लोणी, मांस, लाकडाच्या वस्तू, सगळं जाहीरनाम्यात लिहायचं. खिशात राहिलेलं एक सफरचंद लपवणं गुन्हा, ते ‘हो’ म्हणून लिहिलं तर फक्त कचऱ्याच्या डब्यात जातं. शंका असेल तिथे ‘हो’वर खूण करा. आपल्याकडचे मेतकूट, शेंगदाणे, मेथी, मोहरी हे सगळं बियांत येतं. कोकाची पानं बोलिव्हियात कायदेशीर आहेत आणि उंचीवर सगळे चघळतात. ती आणि कोकाच्या चहाच्या पुड्या फाटकाच्या अलीकडेच सोडायच्या. जॅकेटचे आतले खिसेही तपासा. कॅनमध्ये उरलेलं पेट्रोल आधी टाकीत ओता, रिकामा कॅन कोणी विचारत नाही.

चिलीत परदेशी गाडीला सक्तीचा विमा लागतो, त्याचं नाव सोआपेक्स. इंटरनेटवर प्लेट नंबर टाकून काढता येतो, पण चौकीवर रेंजच्या भरवशावर राहू नका. उयुनीतल्या वायफायवर काढून छापून घ्या.

पुढे थोड्या अंतरावर डांबर लागतं, सान पेद्रोहून अर्जेंटिनाकडे जाणारा २७ क्रमांकाचा रस्ता. तिथून चाळीसेक किलोमीटरमध्ये २,००० मीटर खाली. सलग उतार, ट्रकांसाठी बाजूला वाळूच्या आपत्कालीन मार्गिका. पहिल्यांदा डांबर दिसल्यावर सगळे गॅस पिळतात, आणि टायरमध्ये अजून वाळूची हवा असते. थांबून २८-३० भरा. ब्रेकवर नव्हे, तिसऱ्या गिअरवर उतरा. चौकी आणि गाव यांच्या तापमानात बारा-तेरा अंशांचा फरक पडतो, आतले दोन कपडे अर्ध्यातच काढावे लागतात.

उलट दिशेने, सान पेद्रोहून उयुनीकडे जाणाऱ्यांसाठी: भारतीय पासपोर्टच्या व्हिसाचं काम या चौकीवर होईल असं धरून चालू नका. बोलिव्हिया आणि चिली यांच्यातले राजदूत पातळीवरचे संबंध १९७८ मध्ये तुटले, पण कॉन्सुलेट आहेत, आणि बोलिव्हियाचं एक कालामाला, सान पेद्रोहून शंभरेक किलोमीटरवर. सान पेद्रो २,४०० मीटरवर आहे. तिथून त्याच दिवशी ४,८०० गाठणं हे या दिशेचं मोठं दुखणं. पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घेतलेली हवी. बोलिव्हियात राहून आल्यावर भारतातल्या विमानतळावर या लशीचं पिवळं कार्ड मागतात, नसेल तर विलगीकरणात ठेवतात.

सान पेद्रोत पोचल्यावर चेन धुवा, फिल्टर बदला आणि चिलीच्या कागदावरची शेवटची तारीख कॅलेंडरवर बोटाने मोजा. नव्वद दिवस म्हणजे तीन महिने नाहीत. जुलै-ऑगस्ट दोन्ही ३१ चे आले, की तीन महिन्यांचे ९२ दिवस होतात आणि गाडी दोन दिवस बेकायदेशीर उभी राहते.